थंडीत पहाटे गाडी सेल्फ घेत नाही? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

छत्रपती संभाजीनगर : डिसेंबर-जानेवारी लागला की जिल्ह्यात पारा दहा अंशांच्या आसपास येतो, काही पहाटे त्याच्याही खाली जातो. म्हैसमाळ, खुलताबाद, कन्नडच्या घाटमाथ्यावर तर तीन-चार वाजता पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही. आणि नेमकं याच दिवसांत रात्री पिकअपमध्ये मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर नाहीतर आल्याच्या गोण्या भरून ठेवायच्या आणि पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीकडे निघायचं असतं. चावी फिरवली, गाडी दोनदा घुरघुरली आणि गप्प झाली, तर त्या दिवसाचा माल गेल्यात जमा. लिलाव कोणासाठी थांबत नाही आणि ऊन चढल्यावर पोहोचलेल्या कोथिंबिरीच्या जुडीकडे कोणी बघत नाही. मालाचं एक वेळ सोडा, घरात बाळंतीण अडली असेल, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखत असेल, घाटीत न्यायचं असेल, तेव्हा बंद पडलेली गाडी म्हणजे काय हे सोयगाव-सिल्लोडच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला सांगायला नको.

अशा वेळी "थंडीनं गाडी आखडली" असं म्हणून बहुतेक जण हात टेकतात. खरं तर आपल्याकडची थंडी गाडी अडवण्याएवढी नाहीच. लडाखमध्ये उणे पंधरा-वीस अंशांत गाड्या चालू होतात. तिथल्या थंडीत साधं डिझेल घट्ट होतं म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. मराठवाड्यात आठ-दहा अंशांना डिझेल गोठल्याने गाडी अडत नाही. त्यामुळे आठ-दहा अंशांना गाडी अडत असेल, तर तिच्यात आधीपासून काहीतरी कमजोर झालेलं आहे. थंडीने फक्त ते उघडं पाडलं, असं समजायचं.

बॅटरी मे महिन्यात मरते, डिसेंबरमध्ये कळतं

थंड सकाळच्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा असतो. बॅटरी थंडीने खराब होते असा समज आहे, पण तिला मारतं ते ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतल्या शिशाच्या प्लेटांची झीज जवळपास दुप्पट वेगाने होते. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, गंजतात. उन्हाळ्यात मात्र हे दिसत नाही, कारण गरम इंजिन हलकं फिरतं आणि अर्धमेल्या बॅटरीलाही ते जमून जातं.

हिवाळ्यात गणित दोन्ही बाजूंनी फिरतं. बॅटरीत वीज तयार होते ती रासायनिक क्रियेतून आणि थंडीत ती क्रिया मंदावते. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही ताकद साधारण एक पंचमांश कमी होते. आपल्याकडच्या दहा अंशांना घट त्याहून कमीच, पण घट आहेच. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला सेल्फला म्हणजे स्टार्टर मोटरला जास्त जोर लागतो. देणारा कमी देतोय आणि घेणारा जास्त मागतोय, अशी अवस्था. नवी बॅटरी हे सहज निभावून नेते. तीन-चार उन्हाळे काढलेली नेत नाही. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घेतलेली बरी, थंडीत अडल्यावर नव्हे.

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं?

गाडी चालू होत नाही म्हटलं की लोक सरळ बॉनेट उघडून वायरी हलवायला लागतात. त्याआधी एकदा नीट कान द्यावा. आवाजावरूनच दोष निम्मा सापडतो.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डवरचे दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा टर्मिनल सुटलं आहे. दिवे नीट लागतात पण सेल्फचा आवाजच नाही: दोष सेल्फच्या रिलेत, चावीच्या स्विचमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का हे आधी बघा. काही नव्या गाड्यांना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पहाटेच्या घाईत पाय अर्धवट दाबला जातो आणि माणूस बॅटरीला शिव्या देत बसतो.

भरभर "टकटकटकटक" असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनलवर गंज चढला आहे. सेल्फचा स्विच ओढला जातो, पण पुढचा भार पेलवत नाही म्हणून परत सुटतो, त्याचा तो आवाज. फक्त एकच जाड "टक्" आला, दिवे मात्र जोरात आहेत, तर सेल्फचं काम निघालं: कार्बन झिजले, सोलेनॉइडचे पॉइंट जळाले किंवा मोटर जाम झाली.

"घुर्र… घुर्र… घुर्र" असं इंजिन रडत रडत फिरत असेल तर बॅटरी, अर्थिंगची केबल आणि ऑइल या क्रमाने संशय घ्यावा.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. सेल्फ जोरात, नेहमीसारखाच फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. इथे बॅटरीचा काही दोष नाही. प्रश्न इंधनाचा, हिटरचा किंवा ठिणगीचा आहे. अनेक जण इथेच चुकतात. सेल्फ मारत राहतात आणि पाच मिनिटांत चांगली बॅटरीही बसवून टाकतात. मग दोष दोन होतात आणि पहिला कोणता हे कोणालाच कळत नाही.

म्हणून एक नियम पाळावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावं. सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. सलग चालवला तर तो तापून जळतो आणि बॅटरीला सावरायला वेळच मिळत नाही.

मीटर घरात असतं, ते गाडीलाही लावा

मोटारपंपाच्या कामासाठी बहुतेक शेतकऱ्यांकडे मल्टिमीटर असतं. तेच डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी तपासता येते. रात्रभर उभ्या गाडीवर, काहीही चालू नसताना मोजायचं. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. दिसायला फरक पॉइंटांचा असतो, म्हणून लोक "बारा दाखवतंय की" म्हणून सोडून देतात. बारा दाखवणारी बॅटरी थंडीत पिकअप उचलत नाही.

याहून खरी परीक्षा म्हणजे कोणालातरी सेल्फ मारायला सांगून त्या वेळी मीटर बघायचं. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी भार घेत नाही. ती आधी चार्ज करून पुन्हा बघा. भरलेली असूनही आकडा कोसळत असेल तर तिला भरत बसण्यात अर्थ नाही. गाडी चालू झाल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवा. तेरा-सव्वातेरावरच अडकला तर आल्टरनेटर किंवा पट्टा बघायला हवा, नाहीतर नवी बॅटरीही दोन महिन्यांत तशीच होणार.

बॅटरी बदलण्याआधी दोन फुकटची कामं करावीत. पहिलं टर्मिनलचं. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते, ती करंट अडवते. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह केबल काढायची. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासायचं, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. कोरडं करून घट्ट आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. बसवताना क्रम उलटा, निगेटिव्ह शेवटी. ग्रीसचा गोळा थापण्याची पद्धत आहे, पण आत गंज तसाच ठेवून वरून ग्रीस थापल्याचा उपयोग शून्य.

दुसरं काम अर्थिंगचं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसिला आणि चॅसिपासून इंजिनला केबल जाते. ती चिखलपाण्यात असते, बोल्टखाली गंजते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब आहे. शंभर-दोनशे रुपयांची केबल आणि एक बोल्ट साफ करणं, एवढ्यावर काम भागतं. हे न बघता बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलून बसलेले गाडीमालक प्रत्येक तालुक्यात भेटतील.

पाणी टाकायची झाकणं असलेल्या बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर आहे का बघा आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर टाका. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या भागातलं क्षाराचं पाणी भांड्यांवर काय करतं ते घरोघरी दिसतं, तेच ते प्लेटांवर करतं. वरून अॅसिडही ओतू नये. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

एवढं करूनही बॅटरी दर दोन दिवसांनी बसत असेल तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट खात आहे. जीपीएस, मोठा टेप, अॅम्प्लिफायर, एलईडीची पट्टी, रिव्हर्स कॅमेरा असं काही गावात बसवताना वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावून, निगेटिव्ह केबल काढून मध्ये जोडलं की कळतं. सगळं बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक, त्याहून बरंच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधायचा. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

डिझेल गाडी: धूर बघा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी गरम केली जाते की त्यात डिझेल फवारताच ते पेटतं. हवा पाचशे अंशांच्या पुढे जावी लागते. थंड सकाळी इंजिनचं लोखंडच ती उष्णता शोषून घेतं. त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबही कमी पडतो. म्हणजे डिझेल गाडीत बॅटरी कमजोर असली की पेट घेण्यातही अडचण येते, तेव्हा बॅटरीची खात्री झाल्याशिवाय पंप-नोझलवाल्याकडे जाऊ नये.

सेल्फ चांगला फिरत असेल तर एक माणूस मागे सायलेन्सरजवळ उभा करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. संशय हिटर प्लगवर. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. संशय फिल्टर, एअर, पाणी किंवा पंपावर. एवढ्या एका निरीक्षणाने मेकॅनिकचा अर्धा तास आणि आपले पैसे वाचतात.

हिटरची खूण म्हणजे डॅशबोर्डवरचा नारंगी वेटोळ्याचा दिवा. चावी अर्धी फिरवली की तो लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो विझल्यावरच सेल्फ मारायचा असतो. घाईत एकाच झटक्यात चावी फिरवायची सवय उन्हाळ्यात चालून जाते. थंडीत जुन्या गाडीला दोनदा हिटर द्यावा: दिवा विझला की चावी बंद, पुन्हा अर्धी, पुन्हा विझू द्यायचा, मग सेल्फ. असं केल्यावर गाडी लागत असेल तर एखाद-दुसरा प्लग गेलेला आहे असं धरायला हरकत नाही. चार सिलिंडरला चार प्लग असतात. एक गेला की गाडी चालू होते पण पहिला मिनिटभर थडथडते आणि पांढरा धूर टाकते. दोन गेले की अडते. वायर काढून प्लगचा रेझिस्टन्स मोजला तर चांगला प्लग साधारण एक-दीड ओहमच्या आत दाखवतो, जळलेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक असतील तर त्यांचा रिले आणि फ्यूज बघावा. बऱ्याच ट्रॅक्टरांना असे हिटर प्लग नसतातच, काहींना हवेच्या वाटेवर एकच हिटर असतो. तिथे सगळा भार बॅटरी आणि कॉम्प्रेशनवर.

एअरचा दोष ओळखायची खूण वेगळी आहे. दिवसभर गाडी पहिल्या सेल्फला लागते, रात्रभर उभी राहिली की सकाळी दमवते. डिझेलच्या रबरी पाइपाला किंवा फिल्टरच्या वॉशरला बारीक भेग असते. थंडीत रबर आक्रसतं, तिथून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल रात्रीतून टाकीकडे परत जातं. फिल्टरवर हातपंप असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबून बघा. मग गाडी लगेच लागली तर दोष सापडला म्हणायचा. पाइप आणि क्लिपा बदलून टाका, रोज पंप मारत बसू नका. इलेक्ट्रिक पंपाच्या नव्या गाड्यांत चावी तीन-चार वेळा अर्धी फिरवून थांबलं की तेच काम होतं.

पाण्याचा त्रास कॅनमधलं डिझेल वापरणाऱ्यांना जास्त. हिवाळ्यात दिवसा तीसच्या आसपास आणि रात्री दहा असा फरक पडतो, अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये आणि टाकीत दव धरतं. ते पाणी तळाशी बसतं आणि सकाळी तेच आधी ओढलं जातं. फिल्टरखालचा खिळा सैल करून पाणी काढायला दोन मिनिटं लागतात. टाकी रात्री भरलेली ठेवली तर दव कमी धरतं.

ऑइलबद्दल थोडक्यात. डब्यावरच्या २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं आहे तेच टाकावं. कार जुनी झाली म्हणून तिच्यात ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं जाड ऑइल ओतण्याची काटकसर थंडीत महागात पडते.

पेट्रोल आणि सीएनजी

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोक ओढायचा असे. थंड हवेत पेट्रोलची वाफ कमी होते म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. आता ते काम कॉम्प्युटर करतो आणि त्यासाठी कूलंटमधल्या टेम्परेचर सेन्सरवर विसंबून राहतो. सेन्सर बिघडून "इंजिन गरम आहे" असं सांगायला लागला की थंडीत पेट्रोल कमी पडतं. गाडी सकाळी दमवते, एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. स्कॅनर लावला की हा दोष सहसा लवकर सापडतो. त्याखेरीज झिजलेले स्पार्क प्लग, काळवंडलेली थ्रॉटल बॉडी, दमलेला फ्युएल पंप हे नेहमीचे संशयित. सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून मागच्या सीटखाली दोन-तीन सेकंद पंपाची "हुंम" ऐकू येते का बघा.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर इंजिन ओलं झालं. थोडं थांबून अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवत सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर पेट्रोल बंद होऊन फक्त हवा जाते आणि प्लग कोरडे होतात.

सीएनजीवाल्यांचं दुखणं मात्र स्वतःच ओढवून घेतलेलं असतं. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडं तापलं की गॅसवर जातात. पैसे वाचवायला लोक महिनोन्‌महिने पेट्रोलचा काटा तळाला ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. तळाला तो कोरडा पडून जळतो, आणि उरलेलं शिळं पेट्रोल थंडीत पेटायला कुरकुर करतं. पाच-सात लिटर ताजं पेट्रोल कायम असू द्यावं. पंपाचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला इथेनॉल नवीन नाही. थंडीत त्याची वाफ पेट्रोलपेक्षा कमी होते हे खरं आहे. ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉलवरच्या गाड्यांना फक्त चालू करण्यापुरत्या पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. पण २० टक्क्यांत आणि आपल्या दहा अंशांत चांगली गाडी त्याने अडायला नको. त्यापेक्षा इथेनॉल पाणी धरतं ही गोष्ट लक्षात ठेवावी: महिना-दोन महिने न हलवलेल्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नये.

जंपर लावताना

शेजाऱ्याच्या गाडीवरून किंवा ट्रॅक्टरवरून करंट घेता येतो, मात्र दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात. ट्रक आणि मोठ्या बसची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिच्यावरून कार चालू करायला गेलं तर कारचा कॉम्प्युटर जळतो. केबल जाडच लागते. पंपाची अडीच एमएमची वायर चालत नाही, ती लाल होऊन पेटते.

दोन्ही वाहनं बंद ठेवून लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, शेवटची ठिणगी तिच्या डोक्यावर पडली तर बॅटरी फुटून अॅसिड डोळ्यांत जाऊ शकतं. म्हणून हा क्रम. काढताना उलट. पाच मिनिटं थांबून सेल्फ मारावा आणि गाडी लागल्यावर किमान अर्धा तास चालवावी.

धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं मॅन्युअल गाडीला जमतं, ऑटोमॅटिकला नाही. माल भरलेली पिकअप उतारावर सोडून चालू करायचा प्रयत्न करू नये. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं. औट्रम घाटाच्या तोंडाशी तर हा विचारही नको.

हे जीव घेतं

ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करायची पद्धत गावोगाव आहे. असं केल्याने न्यूट्रल आणि क्लचची सुरक्षा बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होताक्षणी पुढे जातो आणि शॉर्ट करणारा माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेत उभा असतो. हटायला वेळ मिळत नाही. पाचशे-हजार रुपयांच्या स्विचसाठी ही जोखीम कोणी घेऊ नये, आणि पोराला तर हे शिकवूच नये.

टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली पाचट पेटवणं, एअर फिल्टरजवळ पेटता बोळा धरणं हेही थांबलं पाहिजे. आताच्या गाड्यांत खाली प्लास्टिकचे पाइप आणि वायरिंग असतं. ऊब द्यायचीच तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं फिल्टर-पाइपवर ठेवा. बाजारात मिळणारा स्टार्टिंग स्प्रे हिटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नये. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

थंडी वाजते म्हणून शेडचं शटर ओढून आत गाडी तापवत ठेवणं सगळ्यात वाईट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड होऊन माणूस तिथेच बसून राहतो. चालू झालेली गाडी लगेच बाहेर घ्यावी. अर्धा तास जागेवर रेस देत बसायचीही गरज नसते. अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघालं की इंजिन चालता चालता तापतं.

गाडी लावतानाच

पहाटे निघायचं असेल तर रात्री गाडी मोकळ्या रानाऐवजी आडोशाला, नाक उगवतीकडे आणि शक्यतो हलक्या चढावर नव्हे तर सपाटीवर लावावी. दिवे, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करून घ्यावा. सेल्फ मारताना हेडलाइट आणि पंखा बंद, क्लच दाबलेला.

सकाळी चावी लावण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. इंजिनच्या उबेला मांजर येऊन बसतं, आणि सुगी झाल्यावर शेतातले उंदीर शेडमध्ये येतात. त्यांनी कुरतडलेली वायर हे अचानक अडलेल्या गाडीचं खेड्यातलं फार नेहमीचं कारण आहे. काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी सकाळी सेल्फ फिरूनही लागत नसेल, तर टॉर्च घेऊन आधी वायरिंगवर दातांच्या खुणा आणि लेंड्या शोधा.

नवी बॅटरी घ्यायची वेळ आलीच तर तिच्यावरची बनावटीची तारीख बघा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घालून घ्या आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कार्ड गाडीतच ठेवलं तर दोन वर्षांत त्याची शाई उडते आणि बॅटरी वॉरंटीत असूनही दुकानदार हात वर करतो.

पेशंट घेऊन निघायचं असेल आणि दुसऱ्या सेल्फलाही गाडी लागली नाही, तर तिसऱ्याची वाट न बघता १०८ ला फोन करावा, बाळंतिणीसाठी १०२ ला. अॅम्ब्युलन्स रस्त्यात असताना गाडी लागली तर तेव्हा कळवता येतं.